जुन्या मोटारगाड्यांचा जीर्णोद्धार

लखनौच्या चारबाग स्थानकातून कानपूरकडे निघालेल्या गाडीला थोड्याच अंतरावर मानक नगर नावाचे एक लहान स्थानक लागते. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना येथे आहे आणि तिच्यामुळेच या वसाहतीला हे नाव मिळाले. मानक म्हणजे ठरवून दिलेले प्रमाण. एकेकाळी भारतातील प्रत्येक रेल्वे कंपनीची इंजिने वेगळी, डबे वेगळे आणि त्यांचे सुटे भागही वेगळे असत. या विविधतेला शिस्त लावण्यासाठी १९३० साली केंद्रीय मानक कार्यालय स्थापन झाले. १९५२ साली रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र निघाले. त्याचे एक उपकेंद्र महाराष्ट्रात लोणावळ्याला होते. १९५७ साली या दोन संस्था एकत्र करून आजची संघटना निर्माण करण्यात आली. डबा, चाक, रूळ, पूल अशा प्रत्येक वस्तूचे माप, धातू आणि आराखडा ठरवून तो जपून ठेवणे हे तिचे एक मुख्य काम आहे.

जुन्या मोटारगाड्यांच्या प्रकरणाचा आरंभ रेल्वेने का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, मानक नगरात जे आहे तेच जुन्या मोटारीच्या बाबतीत बहुधा नसते. रेल्वेच्या डब्याचा एखादा भाग निकामी झाला, तर त्याचा आराखडा काढून तसाच दुसरा भाग घडवता येतो. परंतु नव्वद वर्षांपूर्वी एका संस्थानिकाच्या आवडीनुसार बांधलेल्या मोटारीचा दरवाजा कुजला, तर त्याचा आराखडा कोठे शोधायचा? तो बांधणारा कारखाना बंद झालेला असतो आणि कारागीर हयात नसतात. अशा वेळी ती गाडी हाच तिचा एकमेव आराखडा उरतो. जुन्या मोटारींच्या संग्रहातील आणि जीर्णोद्धारातील बहुतेक अडचणी, आणि त्यातील खरा आनंदही, या एका गोष्टीतून निर्माण होतो.

जुनी म्हणजे किती जुनी?

केवळ वय झाले म्हणून प्रत्येक मोटार संग्राह्य ठरत नाही. इंग्लंडमध्ये हा छंद प्रथम संघटित झाला, म्हणून तेथील वर्गवारी आधी पाहू. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरील जाचक वेगमर्यादा शिथिल झाल्याच्या आनंदात काही उत्साही मंडळींनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेल्या. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९२७ सालापासून जी फेरी निघू लागली, तिच्यात १ जानेवारी १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना स्थान मिळते. या गाड्यांना 'व्हेटरन' म्हणतात. १९०५ ते १९१८ या काळातील गाड्या राजा एडवर्डच्या नावाने ओळखल्या जातात, तर १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना 'व्हिंटेज' ही संज्ञा आहे. द्राक्षाच्या मद्याच्या व्यापारातून हा शब्द आला आहे. विशिष्ट वर्षीच्या उत्तम पिकाचे मद्य असा त्याचा मूळ अर्थ. त्यानंतरच्या निवडक गाड्या 'क्लासिक' म्हणून ओळखल्या जातात.

आपल्याकडे बोलण्यात हे सर्व भेद पुसट होऊन 'व्हिंटेज' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. भारत सरकारने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून या शब्दाला कायदेशीर अर्थ दिला. त्यानुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' होय. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेले वाहन त्यात बसत नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाची, जो १९६६ साली स्थापन झाला, व्याख्या थोडी निराळी आहे. वाहन किमान तीस वर्षांचे असावे, ऐतिहासिक दृष्ट्या अचूक स्थितीत राखलेले असावे आणि रोजच्या दळणवळणासाठी वापरात नसावे, अशा तिच्या अटी आहेत. वयाच्या मर्यादेत फरक असला तरी मूळ स्वरूपाची अट दोन्हीकडे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढील सारे विवेचन याच अटीभोवती फिरणार आहे.

मुंबई, कोल्हापूर आणि संस्थानिक

भारतात मोटारींचे आगमन एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाले आणि मुंबई हे त्यांचे एक प्रमुख प्रवेशद्वार ठरले. मोटारीची खरी परीक्षा घाटात होते, हे व्यापाऱ्यांनी लवकरच ओळखले. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक कसोटी घेण्यात आली. सुमारे ६२० मैलांच्या या कसोटीत सहा घाट ओलांडावयाचे होते. रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणजे पूर्वेचे मोती या नावाची गाडी तीत यशस्वी झाली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. भारतीय संस्थानांमध्ये रोल्स-रॉइसचे जे प्रस्थ पुढे माजले, त्याच्या प्रारंभीच्या पायऱ्यांपैकी एक पायरी अशी सह्याद्रीच्या घाटातली आहे.

संस्थानिकांनी मोटारींवर मुक्तहस्ते खर्च केला. शिकारीसाठी जादा दिव्यांच्या गाड्या, मिरवणुकीसाठी उघड्या गाड्या, राजस्त्रियांसाठी पडद्यांच्या गाड्या, असे त्यांचे नाना प्रकार होते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांच्या काळातील, १९३० नंतरच्या दशकातील मायबाख ही जर्मन बनावटीची गाडी आजही त्या घराण्याकडे आहे आणि दसऱ्याच्या शाही सोहळ्यात ती रस्त्यावर येते. एखादी मोटार संग्रहालयात उभी न राहता मूळच्या गावात, मूळच्या प्रसंगी वापरली जावी, असे भाग्य फार थोड्या गाड्यांना लाभते. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची एक चिलखती गाडी आहे. राजेरजवाड्यांच्या ऐषआरामासाठी प्रसिद्ध असलेल्या गाडीच्या भक्कमपणाचा लष्करालाही कसा उपयोग झाला, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

मुंबईच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे मोटारींची जुळणी. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि येथे गाडी उभी राही. फोर्ड कंपनीनेही मुंबईत जुळणी केली. १९५३ साली जकात आयोगाने अशी शिफारस केली की, ज्यांच्याकडे देशातच उत्पादन करण्याची योजना नाही त्यांनी केवळ जुळणीचे काम चालू ठेवू नये. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी आपले येथील काम आवरते घेतले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मात्र कुर्ला येथे मोटारी बनवीत राहिली.

या धोरणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नव्या परदेशी गाड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा जुन्या गाड्या टाकून देणे परवडण्यासारखे राहिले नाही. परदेशात ज्या गाड्या भंगारात गेल्या असत्या, त्या येथे वर्षानुवर्षे धावत राहिल्या. सुटे भाग मिळत नसल्यामुळे ते घडवणारे कातारी, ओतारी, पत्राकाम करणारे आणि फिटर तयार झाले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोर बाजाराच्या गल्ल्यांत जुन्या भागांचा व्यापार वाढला. तंगीच्या काळाने निर्माण केलेले हे कौशल्य पुढे संग्राहकांच्या कामी आले.

त्याच सुमारास संस्थानिकांची परिस्थिती पालटली. संस्थाने विलीन झाली आणि १९७१ साली तनखेही बंद झाले. मोटारखान्यांचा खर्च झेपेना, म्हणून अनेक उत्तम गाड्या मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. काही परदेशी संग्राहकांनी नेल्या, तर काहींचे मोडतोड करून तुकडे झाले. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. दिल्लीत 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ सालापासून जुन्या मोटारींची फेरी भरवण्यास प्रारंभ केला होता. तिच्यामुळे अडगळीतल्या गाड्यांकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलू लागली. मुंबईतही संग्राहकांची संघटना उभी राहिली. तिचे एक अग्रणी प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथे शंभरहून अधिक गाड्यांचा संग्रह उभारला.

प्रमाण आणि अपवाद

सर्व जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार सारखाच कठीण असतो, असे मात्र नाही. हे समजण्यासाठी १९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे झालेला एक प्रयोग पाहू. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली कॅडिलॅक या अमेरिकन बनावटीच्या तीन सारख्या गाड्या पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. तिन्हींचे भाग एकत्र मिसळून टाकले. त्यांतील ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील तसेच भाग घेतले. मग केवळ पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर यांच्या साहाय्याने या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडण्यात आल्या. कोठेही कानस चालवावी लागली नाही. तिन्ही गाड्या ५०० मैलांच्या चाचणीत उतरल्या. त्या काळी बहुतेक कारखान्यांत प्रत्येक भाग हाताने घासून जागेवर बसवीत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाचे महत्त्व कळते. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर चषक देण्यात आला.

त्याच वर्षी फोर्ड कंपनीने आपली 'मॉडेल टी' ही गाडी बाजारात आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांचे भाग परस्परांना चालतात, शिवाय त्यांतील बरेचसे आजही नव्याने बनवले जातात. म्हणून शंभर वर्षांच्या 'मॉडेल टी'ला जिवंत करणे तुलनेने सोपे जाते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे रोल्स-रॉइससारख्या गाड्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही कंपनी केवळ चासी, इंजिन आणि चाके विकत असे. त्यावरील बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. हूपर, बार्कर इत्यादी पेढ्या, ज्यांचा मूळ व्यवसाय घोडागाड्या बांधण्याचा होता, हे काम करीत. आत ॲश जातीच्या लाकडाचा सांगाडा आणि वर हाताने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, अशी ही रचना असे. एका चित्राबरहुकूम एकच गाडी तयार होई. तिचा डावा आणि उजवा दरवाजाही कधीकधी मापाने तंतोतंत सारखा नसतो. येथे मानक नगरचा न्याय लागू पडत नाही. प्रत्येक गाडी हा एक अपवाद असतो आणि जीर्णोद्धार करणाऱ्याला त्या अपवादाचाच अभ्यास करावा लागतो.

जीर्णोद्धार म्हणजे काय?

जीर्णोद्धार हा शब्द मराठी वाचकाला देवळांमुळे परिचित आहे. एखाद्या हेमाडपंती देवळावर भक्तिभावाने तैलरंगाचे हात दिले जातात. देऊळ लांबून टवटवीत दिसू लागते. परंतु कोरीव कामाच्या कडा रंगाखाली बुजतात आणि दगडावरील छिन्नीची खूण नाहीशी होते. हेतू चांगला असूनही पुरावा नष्ट होतो. मोटारींच्या बाबतीत हेच वारंवार घडते.

एक उदाहरण घेऊ. १९२४ सालची एखादी गाडी पितळी दिव्यांसह मिळाली. दिव्यांवरील मुलामा उडालेला आहे. मालक ते उत्साहाने क्रोमचा मुलामा देऊन आणतो. दिवे लखलखतात, पण ती लकाकी खोटी असते. क्रोमचा मुलामा मोटारींवर सर्रास दिसू लागला तो १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. त्यापूर्वी निकेलचा मुलामा असे आणि त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार असते. रंगाचेही तसेच आहे. डुको या नावाने ओळखला जाणारा, लवकर सुकणारा नायट्रोसेल्युलोज रंग १९२३ नंतर प्रचारात आला. त्याआधी रंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर हाताने चढवीत, आणि एका गाडीचे काम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. अशा गाडीवर आजचा फवाऱ्याने मारलेला काचेसारखा रंग चढवला, तर ती नवी दिसेल, परंतु तिच्या काळातली दिसणार नाही.

या संदर्भात 'फिवा'ने २०१२ साली संमत केलेली तुरिन सनद मार्गदर्शक आहे. वास्तुवारशाच्या जतनाविषयी १९६४ साली जी व्हेनिस सनद तयार झाली, तिच्यातील तत्त्वे येथे वाहनांना लावलेली आहेत. तिचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. शक्य तोवर मूळ भाग राखावा. केवळ ऱ्हास थांबवणे पुरेसे असेल, तर त्याहून अधिक हस्तक्षेप करू नये. नवा भाग बसवावाच लागला, तर तो पुढील अभ्यासकाला ओळखता यावा आणि केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवावी. गाडीच्या आयुष्यात तिच्यावर झालेले जुने फेरफार हाही तिच्या इतिहासाचा भाग असतो, म्हणून ते काढण्यापूर्वी विचार करावा.

यातून तीन निराळी कामे स्पष्ट होतात. दुरुस्ती म्हणजे गाडी चालती करणे. जतन म्हणजे आहे त्या स्थितीत तिची झीज थांबवणे. जीर्णोद्धार म्हणजे हरवलेले अंग पुराव्याच्या आधारे पुन्हा उभे करणे. मूळ रंग असलेली, आतील कातडे भेगाळलेली पण अस्सल असलेली गाडी पुष्कळदा केवळ जतनास योग्य असते. तिला नवी करणे ही हानी होय, कारण गाडी पुनःपुन्हा रंगवता येते, पण मूळ रंग एकदा खरवडून टाकला की परत आणता येत नाही.

कामाचा क्रम

गाडी मिळाल्यावर पहिले काम हत्याराचे नसून कागदाचे असते. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि बॉडी बांधणाऱ्याची पट्टी यांची नोंद करावी. गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. रंगाचा पापुद्रा कोपऱ्यात सुटला असेल, तर त्याच्या कडेवरून खालचे थर मोजता येतात आणि मूळ रंग कळतो. आसनाखाली किंवा दरवाजाच्या अस्तरामागे, जेथे ऊन पोहोचलेले नसते, तेथे मूळ कापडाचा तुकडा बहुधा सापडतो. हे तुकडे फेकू नयेत.

गाडी कित्येक वर्षे उभी असेल, तर इंजिन जाम झालेले असते. पिस्टन आणि सिलिंडर गंजाने एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी गाडी ढकलून किंवा ओढून चालू करण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण त्यात कनेक्टिंग रॉड वाकण्याची किंवा पिस्टन फुटण्याची भीती असते. प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने थोडे थोडे हलवून पाहावे. या कामात आठवडे गेले तरी ते वाया गेले असे समजू नये.

त्यानंतर बेअरिंगचा प्रश्न येतो. त्या काळच्या बेअरिंगमध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू, ज्याला व्हाइट मेटल म्हणतात, वितळवून ओतलेला असतो. तो झिजला की पुन्हा ओतावा लागतो. ओतल्यावर क्रँकशाफ्टला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवतात. जेथे निळा डाग उमटतो, तेथे उंचवटा आहे असे समजते. तो पात्याने खरवडायचा आणि पुन्हा फिरवून पाहायचे. सर्व पृष्ठभागावर सारखा रंग उमटेपर्यंत हे चालते. यंत्राला न कळणारे हे काम बोटांना कळते, आणि ते जाणणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत.

बॉडीच्या कामात सुतार आणि पत्रेकाम करणारा यांची गाठ पडते. लाकडी सांगाडा कुजला असेल, तर पत्रा काळजीपूर्वक उतरवून कुजलेला भाग तेवढाच बदलावा. जुना तुकडा कितीही खराब असला तरी नवा तुकडा बसेपर्यंत तोच नमुना असतो. आपल्याकडे ॲशऐवजी सागवान वापरले, तर तशी नोंद ठेवावी. पत्र्याचा पोचा काढणे हे आपल्या तांबटाच्या मठारकामाशी मिळतेजुळते आहे. आतून आधार देऊन बाहेरून हलके घाव घालीत धातू हळूहळू मूळ वळणावर आणायचा असतो. घाईने खोलगट जागी लुकण भरून वर रंग दिला, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच त्याखालून गंज डोके वर काढतो. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट, खारट हवेत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

इंधन आणि कायदा

गाडी तयार झाल्यावरही प्रश्न संपत नाहीत. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेरहित पेट्रोल सर्वत्र आले, तेव्हा जुन्या इंजिनांचे काय होणार अशी चिंता व्यक्त झाली. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथाच मुळी १९२३ सालची आहे. त्याआधीची इंजिने शिशाविना चालण्यासाठीच बनलेली होती. 'मॉडेल टी'मध्ये मिश्रण सुमारे चारास एक एवढेच दाबले जाते, म्हणून हलक्या प्रतीचे पेट्रोलही तिला चालते. नंतरच्या काळातील जास्त दाबाच्या इंजिनांना मात्र व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण धातूच्या बसवून घेणे हिताचे असते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट यांना अपाय करते. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे.

२०२१ च्या नियमांनुसार अशा वाहनांना स्वतंत्र नोंदणी मिळते आणि राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही दोन अक्षरे असलेला क्रमांक दिला जातो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. रोजच्या किंवा व्यापारी वापरास परवानगी नाही. वय झालेली वाहने मोडीत काढण्याचे धोरणही देशात त्याच वर्षी जाहीर झाले. त्यामुळे भंगार कोणते आणि वारसा कोणता, हे ठरवण्याची जबाबदारी आता अधिक तातडीची झाली आहे. पन्नास वर्षे पुरी होण्यापूर्वीच गाडी नष्ट झाली, तर नंतरच्या सवलतींचा तिला काय उपयोग?

आजची गाडी, उद्याचा वारसा

या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईच्या रस्त्यांवरचे आहे. कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० डिलाइट ही गाडी १९६४ साली आली आणि १९७४ साली तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती या शहराची ओळख बनली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हजारोंच्या संख्येने दिसणारी गाडी कोणी जपून ठेवत नाही, कारण ती कधी संपेल असे कोणाला वाटतच नाही. संस्थानिकांच्या गाड्या दुर्मिळ होत्या म्हणून वाचल्या. पद्मिनी टॅक्सीचा अस्सल नमुना मात्र छतावरच्या सामानाच्या कठड्यापासून भाडे मोजणाऱ्या मीटरपर्यंत जसाच्या तसा राखणे, ती रस्त्यावर असतानाच सर्वांत स्वस्त आणि सोपे होते. ज्या थोड्या पद्मिनी आता उरल्या आहेत, त्यांच्या मालकांना हे सांगितले पाहिजे.

मोटार जपण्यासाठी प्रत्येकाने ती विकत घ्यावी असे नाही. गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका, सुट्या भागांची यादी, दुरुस्तीच्या पावत्या, जुनी छायाचित्रे हे साहित्य अनेक घरांतून दरवर्षी रद्दीत जाते. एखाद्या वृद्ध फिटरकडून बेअरिंग ओतण्याची रीत विचारून लिहून ठेवली, तर तेही जतनच आहे. गावच्या ग्रंथालयाला अशी माहितीपुस्तिका भेट मिळाली, तर ती निरुपयोगी समजून परत करू नये.

रेल्वेने आपल्या वस्तूंचे आराखडे सांभाळण्यासाठी मानक नगर वसवले. खासगी हातांत विखुरलेल्या मोटारींसाठी असे नगर कोणी वसवलेले नाही. ते काम संग्राहक, कारागीर आणि ग्रंथालये यांच्यातच वाटले गेलेले आहे. गाडीचा मालक आज एक असतो, उद्या दुसरा होतो. आपल्या हाती असताना तिच्यातील किती मूळ शिल्लक राहिले आणि जे बदलले त्याची नोंद कोठे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे पुढच्या मालकाला देता आली, म्हणजे जीर्णोद्धार नीट झाला असे समजावे.